तोच न्यायाधीश, तोच साक्षीदार: गिडियनच्या दोन खटल्यांचा अभ्यास

फ्लोरिडा राज्यातल्या पनामा सिटीत 4 ऑगस्ट 1961 रोजी घरफोडीचा एक खटला चालला. 5 ऑगस्ट 1963 रोजी तोच खटला पुन्हा चालला. आरोपी तोच, आरोप तोच, न्यायाधीश तेच आणि सरकार पक्षाचा मुख्य साक्षीदारही तोच. पहिल्या वेळी ज्युरीने आरोपीला दोषी ठरवलं आणि त्याला पाच वर्षांची शिक्षा झाली. दुसऱ्या वेळी ज्युरी आत गेली आणि तासाभराने ‘निर्दोष’ म्हणत बाहेर आली. दोन्ही खटल्यांत मोठा फरक एकच होता: दुसऱ्या वेळी आरोपीच्या शेजारी वकील बसला होता.

या दोन तारखांच्या मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाचा ‘गिडियन विरुद्ध वेनराइट’ हा निकाल आहे. गिडियन हा तो आरोपी, वेनराइट हे फ्लोरिडाच्या तुरुंग खात्याचे प्रमुख. तुरुंगातल्या एका गरीब कैद्याने शिसपेन्सिलीने अर्ज लिहिला आणि देशाचा कायदा बदलला, अशी ही गोष्ट सहसा सांगितली जाते. ती खरी आहे आणि अजूनही अंगावर काटा आणते. पण हे प्रकरण समजून घ्यायचं तर अर्जाइतकंच, किंबहुना थोडं जास्तच, त्या दुसऱ्या खटल्याकडे पाहायला हवं. सुप्रीम कोर्टाने तत्त्व सांगितलं, पण ते तत्त्व का खरं आहे याचा पुरावा पनामा सिटीच्या त्या लहानशा न्यायालयात मिळाला.

काय घडलं होतं

3 जून 1961 च्या पहाटे बे हार्बर पूलरूममध्ये चोरी झाली. पूल खेळायचा, बिअर प्यायचा, चार घटका बसायचा हा गावातला अड्डा. कुणीतरी फोडाफोड करून आत शिरलं, सिगारेटचं मशीन आणि नाणी टाकून गाणी वाजवायचं मशीन यांतली चिल्लर काढली, आणि काही बाटल्या उचलल्या. ऐवज म्हणावा तर अगदीच किरकोळ. पण फ्लोरिडाच्या कायद्यात छोट्या गुन्ह्याच्या इराद्याने इमारत फोडून आत शिरणं हा मोठा गुन्हा होता. म्हणून मूठभर नाण्यांपायी माणूस पाच वर्षं आत जाऊ शकत होता.

एका तरुणाने पोलिसांना सांगितलं की पहाटे साडेपाचच्या सुमारास आपण क्लेरेन्स अर्ल गिडियनला खिडकीतून आत पाहिलं आणि मग वाइनची बाटली घेऊन बाहेर पडताना पाहिलं. गिडियनला अटक झाली तेव्हा त्याच्या खिशात सुमारे 25 डॉलरची सुट्टी नाणी होती.

गिडियनचा जन्म 1910 चा, मिसूरी राज्यातल्या हॅनिबल गावचा. शाळा आठवीपर्यंत. पोरवयातच घरातून पळालेला, मिळेल ते काम करत गावोगाव भटकलेला, जुगारात हात घालणारा, आणि चोरीच्या गुन्ह्यांत या आधीही तुरुंग पाहिलेला. पन्नाशीचा हा माणूस कुणाचा आदर्श नव्हता. मला ही बाब महत्त्वाची वाटते. घटनात्मक हक्कांची मोठी प्रकरणं पुष्कळदा अशाच माणसांमुळे उभी राहतात, ज्यांच्या बाजूने उभं राहायला शेजारीही कचरतो.

‘मला हक्क आहे’

खटला पुकारला गेला तेव्हा न्यायाधीश रॉबर्ट मॅक्रेरी यांनी गिडियनला विचारलं, तयारी झाली आहे का. तो म्हणाला, नाही, मला वकील नाही. न्यायालयाने नेमून द्यावा. न्यायाधीशांनी दिलेलं उत्तर नोंदीत आहे. माफ करा, या खटल्यात मी तुम्हाला वकील देऊ शकत नाही. फ्लोरिडाच्या कायद्यानुसार देहदंडाची शिक्षा होऊ शकेल अशाच खटल्यात न्यायालय वकील नेमू शकतं. त्यावर गिडियन म्हणाला, युनायटेड स्टेट्सचं सुप्रीम कोर्ट म्हणतं की मला वकील मिळण्याचा हक्क आहे.

सुप्रीम कोर्टाने असं काहीही म्हटलेलं नव्हतं. त्या दिवशीच्या कायद्याप्रमाणे न्यायाधीश बरोबर होते आणि आरोपी चुकीचा.

ती गफलत कशी झाली असेल हे कळायला थोडं मागे जावं लागतं. अमेरिकेच्या संविधानातली सहावी दुरुस्ती 1791 ची. फौजदारी खटल्यात आरोपीला बचावासाठी वकिलाची मदत मिळण्याचा हक्क तिच्यात आहे. मात्र ही दुरुस्ती ज्या हक्कांच्या सनदेचा भाग आहे, ती मुळात केंद्र सरकारला बांधणारी होती, राज्यांना नाही. यादवी युद्धानंतर 1868 मध्ये चौदावी दुरुस्ती आली आणि राज्यांनाही ‘कायद्याच्या योग्य प्रक्रिये’शिवाय कुणाचं स्वातंत्र्य हिरावून घेण्यास मनाई झाली. मग त्या योग्य प्रक्रियेत वकील येतो की नाही? 1932 मध्ये अलाबामातल्या स्कॉट्सबरो प्रकरणात, नऊ कृष्णवर्णीय मुलांना घाईघाईत फाशीच्या दारात उभं केलं गेलं होतं, तेव्हा कोर्ट म्हणालं की अशा देहदंडाच्या खटल्यात वकील द्यायलाच हवा. 1938 मध्ये केंद्रीय न्यायालयांपुरता हा हक्क सर्व फौजदारी आरोपींना मिळाला. आणि 1942 मध्ये गाडी अडली.

1942 चं ते प्रकरण ‘बेट्स विरुद्ध ब्रेडी’. बेट्स हा मेरीलँड राज्यातला शेतमजूर, दरोड्याचा आरोपी. त्याने वकील मागितला, मिळाला नाही. सुप्रीम कोर्टाने सहा विरुद्ध तीन मतांनी सांगितलं की राज्याच्या न्यायालयात गरीब आरोपीला वकील देणं सरसकट बंधनकारक नाही. ‘खास परिस्थिती’ असेल तरच. आरोपी निरक्षर आहे, मंदबुद्धी आहे, फार कोवळ्या वयाचा आहे, खटला गुंतागुंतीचा आहे, असं काही असलं, तर वकील न दिल्याने अन्याय झाला का ते त्या त्या प्रकरणाच्या तपशिलावरून पाहू. विरोधात गेलेल्या तिघांत न्यायमूर्ती ह्यूगो ब्लॅक होते.

वरवर पाहता ही कसोटी समंजस वाटते. तिच्या पोटातला दोष मात्र भयंकर आहे. वकील नसल्यामुळे नुकसान झालं का हे ठरवायचं कशावरून? खटल्याच्या नोंदीवरून. ती नोंद कुणी घडवली? वकील नसलेल्या आरोपीने. जो प्रश्न विचारलाच गेला नाही, त्याचं उत्तर नोंदीत कुठून येणार? नोंद गुळगुळीत दिसते, पुरावा पुरेसा वाटतो, आणि वरचं न्यायालय म्हणतं, वकील असता तरी निकाल हाच लागला असता.

पहिला खटला

फ्लोरिडात अशा खटल्याला सहा जणांची ज्युरी असते. त्या सहा माणसांसमोर गिडियनने आपला खटला आपणच चालवला. सुरुवातीचं निवेदन केलं, सरकारी साक्षीदारांची उलटतपासणी केली, स्वतःचे साक्षीदार उभे केले, आपण निर्दोष आहोत असं थोडक्यात सांगितलं. स्वतः मात्र साक्ष दिली नाही. पुढे सुप्रीम कोर्टाने या खटल्याचं वर्णन करताना म्हटलं की एखाद्या सामान्य माणसाकडून जितकी अपेक्षा करता येईल तितका बचाव त्याने केला. हे वाक्य कौतुकाचं आहे आणि तेवढंच दुःखाचंही.

सामान्य माणूस उलटतपासणी करतो म्हणजे काय करतो? तो साक्षीदाराशी वाद घालतो. तू मला पाहिलंस म्हणतोस, नक्की पाहिलंस का? हो, नक्की पाहिलं. प्रत्येक अशा प्रश्नाने साक्षीदाराचं म्हणणं ज्युरीच्या कानांवर आणखी एकदा पडतं, आणखी पक्कं होतं. आरोपीला वाटतं आपण लढतोय, प्रत्यक्षात तो सरकार पक्षाला हातभार लावत असतो. गिडियनच्या पहिल्या खटल्यात हेच झालं. ज्युरीने त्याला दोषी ठरवलं आणि 25 ऑगस्टला पाच वर्षांची, म्हणजे त्या गुन्ह्याची कमाल शिक्षा सुनावली गेली.

रेषांच्या कागदावरचा अर्ज

रेफर्डच्या तुरुंगातून गिडियनने आधी फ्लोरिडाच्या सुप्रीम कोर्टाकडे बंदी प्रत्यक्षीकरणाचा, म्हणजे आपली कैद बेकायदा आहे म्हणून सोडा असा, अर्ज केला. तो ऑक्टोबरच्या अखेरीस फेटाळला गेला. मग जानेवारी 1962 मध्ये वॉशिंग्टनला त्याचा लिफाफा पोचला. तुरुंगाचे नियम वर छापलेला रेषांचा कागद, शिसपेन्सिलीचं अक्षर, चुकलेलं स्पेलिंग, आणि फी भरायला पैसे नाहीत असं प्रतिज्ञापत्र. अशा निर्धन अर्जदारांसाठी कोर्टात वेगळी सोय होती. तिथे कैद्यांचे अर्ज ढिगाने येत आणि बहुतेक सगळे फेटाळले जात.

या अर्जात आपण निरक्षर आहोत, आपल्याला समजत नाही, आपल्यावर खास परिस्थिती ओढवली, असं गिडियनने काहीच म्हटलं नव्हतं. त्याचा दावा एकच: मी वकील मागितला, मला दिला नाही, म्हणून माझा खटला घटनेप्रमाणे झाला नाही. बेट्सच्या कसोटीवर हा अर्ज तिथेच गळायला हवा होता. पण कोर्टाला बेट्सचाच फेरविचार करायचा असेल, तर खास परिस्थिती नसलेलंच प्रकरण हवं होतं. 4 जून 1962 ला कोर्टाने अर्ज दाखल करून घेतला आणि दोन्ही बाजूंना सांगितलं की बेट्सचा निर्णय पुन्हा तपासावा का, यावर बोला.

गिडियनच्या बाजूने उभं राहायला कोर्टाने एब फोर्टस यांना नेमलं. वॉशिंग्टनच्या नामांकित वकिलांपैकी हे एक. पुढे 1965 मध्ये ते स्वतः सुप्रीम कोर्टाचे न्यायमूर्ती झाले. खालच्या न्यायालयात ज्याला गावातला वकीलही मिळाला नाही, त्याला देशाच्या सर्वोच्च न्यायालयात विनामोबदला असा वकील मिळाला. त्या काळच्या व्यवस्थेतली विसंगती यापेक्षा स्पष्ट कशी दिसणार!

फोर्टस यांच्यापुढे सोपी वाट होती. गिडियनच्या खटल्यातली एखादी खास परिस्थिती शोधून काढायची आणि त्याच्यापुरती सुटका मिळवायची. त्यांनी अवघड वाट धरली. त्यांनी उलट मांडलं की गिडियन बुद्धिमान आहे, धीट आहे, आणि तरीही नोंद वाचून पाहा, त्याला हे जमलं नाही, कारण हे कुणालाच जमत नाही. तोंडी युक्तिवादात त्यांनी क्लेरेन्स डॅरो यांचं उदाहरण दिलं. डॅरो म्हणजे अमेरिकेतले नावाजलेले फौजदारी वकील. त्यांच्यावर स्वतःवर आरोप आला तेव्हा त्यांनी सर्वांत आधी काय केलं, तर दुसरा वकील गाठला.

समोर फ्लोरिडाच्या वतीने ब्रूस जेकब हे तरुण वकील होते. त्यांचं म्हणणं अगदीच टाकाऊ नव्हतं. राज्यांनी आपल्या न्यायालयांचा कारभार कसा चालवावा हे राज्यांना ठरवू द्या, हा त्यांचा मुख्य मुद्दा. दुसरा मुद्दा आकड्याचा होता: फ्लोरिडाच्या तुरुंगांतल्या सुमारे 8,000 कैद्यांपैकी 5,093 जणांना खटल्याच्या वेळी वकील नव्हता, बेट्स रद्द झाला तर त्या सगळ्यांच्या सुटकेचा प्रश्न उभा राहील. मला हा आकडा वाचताना दर वेळी वाटतं की राज्याने आपल्या बचावासाठी मांडलेला हाच तर राज्याविरुद्धचा सर्वांत बोलका पुरावा होता.

आणखी एक गोष्ट फ्लोरिडावर उलटली. राज्याच्या महाधिवक्त्यांनी इतर सर्व राज्यांना पत्रं पाठवून पाठिंबा मागितला. अलाबामा आणि नॉर्थ कॅरोलायना अशी दोनच राज्यं धावून आली. मिनेसोटाचे महाधिवक्ता वॉल्टर मॉन्डेल यांनी मात्र ठरवलं की आपण गिडियनच्या बाजूने लिहायचं, आणि बघता बघता वीसहून जास्त राज्यं त्या बाजूला जमली. आरोपींवर खटले भरणारी राज्यंच म्हणत होती की आरोपीला वकील द्या.

15 जानेवारी 1963 ला युक्तिवाद झाला आणि 18 मार्चला निकाल आला. नऊ विरुद्ध शून्य. निकालपत्र लिहिलं न्यायमूर्ती ब्लॅक यांनी, म्हणजे 1942 मध्ये विरोधी मत नोंदवणाऱ्याच न्यायाधीशाने, एकवीस वर्षांनी. राज्यांच्या अधिकारांचे खंदे समर्थक न्यायमूर्ती फ्रँकफर्टर मधल्या काळात, ऑगस्ट 1962 मध्ये, निवृत्त झाले होते. पण एकमत पाहता त्यांच्या असण्या-नसण्याने निकाल फिरला असता असं वाटत नाही. ब्लॅक यांचा मुख्य तर्क शेंबड्या पोरालाही पटावा असा आहे. सरकार आरोपींवर खटले चालवण्यासाठी वकिलांवर पैसा ओतते. ज्याच्यापाशी पैसा आहे असा आरोपी शक्य तितका उत्तम वकील करतो. दोघांनाही वकील लागतोच असं वाटत असेल, तर फौजदारी न्यायालयात वकील ही गरज आहे, चैन नाही.

न्यायमूर्ती हार्लन निकालाशी सहमत होते, पण बेट्सला अधिक सन्मानाने मूठमाती द्यायला हवी होती असं त्यांनी वेगळ्या मतात नोंदवलं. त्यांनी दाखवून दिलं की 1950 नंतर ‘खास परिस्थिती’ नाही म्हणून कोर्टाने कुणालाही परत पाठवलेलं नाही. नियम कागदावर होता, व्यवहारात तो आधीच गेला होता. मात्र खालच्या न्यायालयांना ही बातमी कुणी दिली नव्हती, आणि पनामा सिटीत न्यायाधीश कागदावरचाच नियम पाळत होते.

दुसरा खटला

सुप्रीम कोर्टाने गिडियनला निर्दोष ठरवलं नव्हतं. शिक्षा रद्द करून प्रकरण परत पाठवलं होतं. नागरी हक्कांसाठी काम करणारे मायामीचे अनुभवी वकील त्याच्या मदतीला आले. गिडियनने त्यांना नकार दिला. एकाच गुन्ह्यासाठी पुन्हा खटला चालवता येत नाही, मी माझं स्वतःच बघतो, अशी त्याची जिद्द. ज्याने वकिलासाठी देश हलवला तोच वकील नाकारतोय हे पाहून न्यायाधीशांनी त्याला विचारलं, मग तुम्हाला कोण हवा आहे? त्याने गावातल्या फ्रेड टर्नर यांचं नाव घेतलं. त्याचा हट्ट मला वेडेपणाचा वाटत नाही. हक्क म्हणून मिळालेला वकील आपल्या विश्वासातला असावा, एवढंच तो मागत होता.

टर्नर यांनी काही मोठी शक्कल लढवली नाही. खटल्याआधी वेळ काढून तपास केला, माणसांशी बोलले, कोण कुठे राहतो, कोण कुणाबरोबर फिरतो ते समजून घेतलं. सरकार पक्षानेही या वेळी कसर ठेवली नाही. देशाचं लक्ष असल्यामुळे एकाऐवजी तीन सरकारी वकील उभे होते.

मुख्य साक्षीदार पुन्हा तेच म्हणाला. नाचगाण्याचा कार्यक्रम आटोपून रात्रभर मित्रांबरोबर फिरून आलो, मित्रांनी पूलरूमपाशी सोडलं, तिथे गिडियन दिसला. गिडियनने दोन वर्षांपूर्वी याच माणसाशी ‘पाहिलंस की नाही’ यावर वाद घातला होता. टर्नर यांनी त्या मुद्द्याला हातच लावला नाही. त्यांनी विचारलं, तुझं घर तिथून अगदी जवळ. मग मित्रांनी तुला घरी न सोडता पहाटे साडेपाचला बंद अड्ड्यापाशी का सोडलं? तो म्हणाला, अड्डा उघडेपर्यंत तिथेच थांबणार होतो. चोरी होताना पाहिलीस, मग तेव्हाच पोलिसांना का नाही सांगितलंस? पहिल्या खटल्यात आपल्या जुन्या गुन्ह्याबद्दल तू काय सांगितलं होतंस? हळूहळू ज्युरीसमोर दुसरंच चित्र उभं राहिलं: आत कुणी शिरलं असेल, तर बाहेर पहारा कोण देत होतं? टर्नर यांनी शेवटी थेट सुचवलं की हा तरुण आणि त्याचे मित्रच यामागे असू शकतात. ते खरं होतं की नाही हे न्यायालयात सिद्ध झालं नाही, आणि बचावाला ते सिद्ध करायचंही नव्हतं. रास्त शंका निर्माण होणं पुरेसं होतं.

मला या खटल्यातली सर्वांत शिकण्यासारखी जागा टॅक्सीवाल्याची वाटते. सरकार पक्षाने त्याला आणलं कारण त्याची साक्ष घातक होती. त्या सकाळी गिडियनने फोन करून टॅक्सी बोलावली आणि उतरताना सांगितलं की कुणी विचारलं तर मला पाहिलं नाहीस असं सांग. ऐकणाऱ्याला वाटावं, झालं, चोर सापडला. टर्नर उठले. गिडियनजवळ वाइन, बिअर, कोकच्या बाटल्या दिसल्या का? नाही. त्याने याआधी कधी तुला असं सांगितलं होतं का? हो, सांगायचा. का सांगायचा, माहीत आहे? बायकोशी त्याचं पटत नव्हतं, म्हणून.

चोरीची कबुली वाटणारं वाक्य दोन प्रश्नांत नवराबायकोच्या भांडणातलं वाक्य ठरलं. यात कायद्याचं गहन ज्ञान कुठेच नाही. ‘याआधीही सांगायचा का?’ हा साधा प्रश्न आहे. पण तो सुचायला साक्षीदाराशी आधी बोललेलं असावं लागतं, आणि विचारायला डोकं थंड असावं लागतं. तुरुंगात बसलेल्या आरोपीला साक्षीदाराच्या घरी जाता येत नाही. आणि जो स्वतःच आरोपीच्या पिंजऱ्यात आहे, त्याच्या मनात ‘हा खोटं बोलतोय’ यापलीकडे काही उमटतच नाही.

या वेळी गिडियनने साक्ष दिली. खिशातल्या नाण्यांचं काय? तो म्हणाला, जुगारात मिळाली. पत्त्यांचे डाव तो त्याच अड्ड्यावर मांडत असे. पहिल्या खटल्यात त्या नाण्यांचा अर्थ एकच होता, आता दोन झाले. दुपारी साडेचारच्या आत ज्युरी आत गेली आणि तासाभराने परतली. गिडियन सुटला. आधीची दोन वर्षं तो आतच होता.

निकालानंतर

फ्लोरिडाने 1963 मध्येच सरकारी खर्चाने बचाव करणाऱ्या वकिलांची व्यवस्था कायद्याने उभी केली. त्या राज्यात सुमारे 2,000 कैदी या निकालामुळे सुटले. 1967 मध्ये बालगुन्हेगारांच्या खटल्यांतही वकिलाचा हक्क आला. 1972 च्या जूनमध्ये कोर्टाने सांगितलं की गुन्हा लहान असला, पण त्यापायी एक दिवसही तुरुंगात जावं लागणार असेल, तर वकील हवा. ते प्रकरणही फ्लोरिडाचंच. ते ऐकायला गिडियन नव्हता. त्याच वर्षीच्या जानेवारीत तो फोर्ट लॉडरडेलमध्ये वारला. हॅनिबलमधल्या त्याच्या थडग्यावर पुढे एक ओळ कोरली गेली. फोर्टस यांना तुरुंगातून लिहिलेल्या लांबलचक पत्रातली ती आहे, आणि तिचा आशय असा की प्रत्येक युगाला कायद्यात मानवजातीच्या भल्याची काही सुधारणा सापडते.

त्यानंतरची वाट तितकी सरळ नाही. वकील द्यायचा हे ठरलं, पण कसा वकील? 1984 च्या ‘स्ट्रिकलंड’ निकालाने कसोटी घालून दिली: वकिलाचं काम अगदीच सुमार होतं आणि त्यामुळे निकाल बदलण्याची वाजवी शक्यता होती, ही दोन्ही आरोपीने दाखवावीत. सिद्ध करणं फार अवघड. पैशाची तर रडकथाच आहे. लुइझियाना राज्यात या व्यवस्थेचा बराच खर्च वाहतुकीच्या दंडांतून आणि दोषी ठरलेल्यांकडून वसूल होणाऱ्या रकमांतून भागवला जात असे. 2016 मध्ये न्यू ऑर्लिन्सच्या सरकारी बचाव कार्यालयाने काही गंभीर खटले घेणंच थांबवलं, कारण माणसंच पुरत नव्हती. साक्षीदारांना भेटायला टर्नर यांना जो वेळ मिळाला, तो शेकडो प्रकरणं गळ्यात असलेल्या वकिलाला मिळत नाही. टॅक्सीवाल्याला विचारायचा प्रश्न मग तसाच राहून जातो.

महाराष्ट्राशी असलेला धागा

गिडियन निकालाचा उल्लेख आपल्याकडे अनेक निकालांत येतो. त्यातला पहिला मोठा 1978 चा, ‘होसकोट विरुद्ध महाराष्ट्र राज्य’. बनावट पदव्या काढण्याच्या प्रयत्नाचं प्रकरण. सत्र न्यायालयाने नाममात्र शिक्षा दिली होती, मुंबई हायकोर्टाने ती वाढवून तीन वर्षं केली. आरोपीचं म्हणणं होतं की निकालपत्राची प्रत तुरुंगात वेळेवर हातात आली नाही आणि सुप्रीम कोर्टात यायला चार वर्षांहून जास्त उशीर झाला. त्याची याचिका फेटाळली गेली. पण न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी त्या निमित्ताने लिहिलं की कैद्याला निकालाची प्रत मोफत मिळणं आणि ऐपत नसेल तर सरकारी खर्चाने वकील मिळणं हा आपल्या संविधानाच्या कलम 21 मधल्या, म्हणजे जीवित आणि स्वातंत्र्याच्या हक्कातल्या, न्याय्य प्रक्रियेचा भाग आहे. गिडियनचा कर्णा अटलांटिकपार ऐकू गेला आहे, असे त्यांचे शब्द; कर्णा म्हणजे या निकालाची हाक. पुढच्याच वर्षी बिहारच्या तुरुंगांत वर्षानुवर्षं खितपत पडलेल्या कच्च्या कैद्यांच्या प्रकरणात, ‘हुसैनारा खातून’मध्ये, न्यायमूर्ती भगवती यांनीही गिडियनचा आधार घेतला. 1976 च्या बेचाळिसाव्या दुरुस्तीने आलेलं, मोफत कायदेशीर मदतीचं कलम 39अ होतंच. आज तालुक्यापर्यंत पोचलेल्या विधी सेवा समित्या 1987 च्या कायद्याने आल्या आणि तो कायदा 9 नोव्हेंबर 1995 पासून लागू झाला.

मग 2012 मध्ये महाराष्ट्रातलंच आणखी एक प्रकरण सुप्रीम कोर्टात आलं, 26 नोव्हेंबरच्या मुंबई हल्ल्यातल्या अजमल कसाबचं. त्याच्या बाजूने मुद्दा उठला होता की अटकेनंतर सुरुवातीच्या काळात त्याला वकील नव्हता. कोर्टाने फाशी कायम ठेवली. पण देशभरच्या दंडाधिकाऱ्यांना बजावलं की आरोपी पहिल्यांदा समोर येईल तेव्हाच त्याला सांगा: वकिलाचा सल्ला आणि बचाव हा तुझा हक्क आहे, आणि ऐपत नसेल तर सरकारी खर्चाने वकील मिळेल. खटला सुरू होताना वकील दिला नाही तर तो खटलाच दूषित ठरेल, असंही कोर्ट म्हणालं.

खटल्याआधीच्या टप्प्यासाठी मात्र कोर्टाने वेगळा नियम ठेवला. कोठडीच्या काळात वकील दिला नाही, तर दंडाधिकाऱ्यावर खात्यांतर्गत कारवाई होऊ शकेल, आरोपी भरपाई मागू शकेल. पण खटला रद्द व्हायचा तर त्या उणिवेमुळे बचावाचं ठोस नुकसान झालं हे दाखवावं लागेल, आणि ते त्या त्या प्रकरणाच्या तपशिलावरून ठरेल.

हे वाक्य वाचताना मला 1942 चा बेट्स आठवतो. नुकसान दाखवायचं ते नोंदीवरून, आणि त्या दिवसांची नोंद ज्याच्या बाजूने कुणी केलेली नाही, त्यानेच ते दाखवायचं आहे.